भुऱ्याची मातृभाषा

कुत्र्याला कोणती भाषा येते, असं मला उभ्या आयुष्यात एकाच माणसानं विचारलं. थट्टा म्हणून नाही हां. समोर फुलस्केप कागद, नाकावर चष्मा, हातात टाक आणि चेहरा असा की जणू कोर्टात साक्ष चालू आहे.

"नाव झालं, रंग झाला, खोडी लिहिल्या. आता मातृभाषा सांगा."

मी तेव्हा एकवीस वर्षांची. हसू आवरेना म्हणून पदर तोंडाला लावला. माझ्या ह्यांनी मात्र हापिसात द्यावं तसं उत्तर दिलं, "मराठी, काका."

"हिंदी समजते?"

"तेवढी नाही."

"समजत नाही," असं पुटपुटत त्यांनी लिहून घेतलं आणि कागद ह्यांच्यापुढे सरकवला. "सही करा. तोंडी काही चालत नाही."

हे आमचे मकानमालक. आम्ही त्यांना काका म्हणायचो, गल्लीतले लोकही काकाच म्हणायचे, आणि मागून काय म्हणायचे ते सांगत नाही. संस्थान होतं तेव्हा ते दरबारच्या दफ्तरात होते. संस्थान गेलं, काका पेन्शनीत निघाले, पण दफ्तर काही त्यांच्यातून निघालं नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. इंदूरच्या रामबागेतलं ते लहानसं घर, पुढच्या दोन खोल्या आमच्या, मागच्या दोन त्यांच्या, मधे फरशीचं अंगण आणि एक पेरूचं झाड.

आता माझ्या नातवाच्या विजयनगरच्या फ्लॅटमध्ये एक कुत्रं आहे. त्याच्याशी सगळे इंग्रजीत बोलतात. मी कधी "बस रे" म्हटलं तर ते माझ्याकडे असं बघतं, जशी काही मी भांडायलाच आले. मग नातसून सांगते, "आजी, त्याला मराठी नाही येत." अशा वेळी मला काकांची आठवण येते. तिला वाटतं आजी रागावली. मी रागावत नाही. मी मनात म्हणते, बरोबर आहे बाई, कागदावर लिहून ठेव.

तो काळ मध्यभारतचा. आजच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही, पण तेव्हा आमच्या राज्याला दोन राजधान्या होत्या. उन्हाळ्यात इंदूर, हिवाळ्यात ग्वाल्हेर. दोन बायकांचा दादला कसा इकडचे दिवस इकडे आणि तिकडचे तिकडे काढतो, तसं सरकार फिरायचं. थंडीची चाहूल लागली की फायली पेट्यांत भरायच्या, पेट्या रेल्वेत चढवायच्या, आणि फायलींच्या मागे कारकून. माझे हे सचिवालयात कारकून, म्हणजे पेट्यांच्या मागे आम्हीही. ग्वाल्हेरला आम्ही ह्यांच्या मावशींकडे उतरायचो. मावशी कडक सोवळ्याच्या. त्यांच्या घरात माझ्या चपलांना जागा नव्हती, तिथे कुत्र्याला कुठून असणार?

आणि कुत्रा तर गळ्यात पडलेला. हे एकदा पोलोग्राउंडकडे कामाला गेले होते, तिथे एका कारखान्याच्या भिंतीशी कुडकुडत बसलेलं पिल्लू सायकलच्या पिशवीत घालून घेऊन आले. भुरकट रंग म्हणून भुऱ्या. चार महिन्यांत त्यानं माझ्या दोन वहाणा, एक केरसुणी आणि माझं मन, तिन्ही कुरतडून ठेवलं. मग ऑक्टोबर आला, ग्वाल्हेरला निघायचा हुकूम झाला, आणि मी अंगणात रडत बसले. काका पेरूखाली आरामखुर्चीत बसले होते. त्यांनी माझं रडं नीट पुरं होऊ दिलं आणि म्हणाले, "सूनबाई, रडण्यानं कामं होत नाहीत. कागद आणा."

त्या कागदाला ते मिसल म्हणायचे. म्हणजे आपण ज्याला फाईल म्हणतो ती. भुऱ्याची मिसल पहिली. पण सचिवालयातल्या कारकुनांत बातमी अशी पसरते की विचारू नका. पुढच्या हिवाळ्यापर्यंत आमच्या अंगणात ग्वाल्हेरला गेलेल्या लोकांची जनावरं जमायला लागली. एका हेडक्लार्कचा पोपट, एका चपराश्याची शेळी, कोणाचे तरी दोन ससे. प्रत्येकाची मिसल, प्रत्येकात मातृभाषेचा रकाना. शेळीपुढे लिहिलं होतं, मालवी. सशांपुढे, मौन. पोपटाचा मालक मोठा सात्त्विक माणूस, त्यानं मान ताठ करून सांगितलं, "मराठी." मालक ग्वाल्हेरला निघायच्या पंधरा दिवस आधीच काकांनी पोपट ठेवून घेतला आणि आठवड्यानं खाली लाल शाईनं भर घातली, "शिव्या हिंदी." ते वाचून हेडक्लार्क तीन दिवस आमच्या गल्लीतून गेले नाहीत, लांबून वळसा घालून हापिसात जायचे.

मांजर एक होती, ती काकांची स्वतःची. म्हणजे ते तसं म्हणत नसत. भुऱ्याला ते अरे-तुरे करायचे आणि मांजरीला अहो-जाहो. "बाईसाहेब, बाजूला व्हा, मला बसायचंय." मी एकदा विचारलं, असा भेद का? तर म्हणाले, "कुत्रा नोकरीतला माणूस आहे. येतो, जातो, हजेरी देतो. मांजर जहागीरदार. तिला कोणी कामाला ठेवलेलं नाही, तिचं तिला मिळतं."

घरभर त्यांच्या सूचना चिकटवलेल्या असायच्या. 'दुपारी दोन ते चार बादली आपटू नये.' 'पेरू पाडू नयेत, पडलेले विचारून घ्यावेत.' ह्या माणसांसाठी. आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर, चौकटीला, आणखी एक चिठ्ठी होती, 'इथे नखे मारू नयेत.' मी पहिल्यांदा केर काढताना ती पाहिली तेव्हा मला वाटलं माझे डोळे गेले. काकांना विचारलं, "मांजरीला वाचता येतं का हो?"

"नाही येत. ठाऊक आहे मला. पण उद्या कोणी म्हणायला नको, की सूचना नव्हती."

आमच्याकडे दूध घालायला धापूबाई यायची. अस्सल मालवी बाई, हातात चांदीची कडी, डोक्यावर चरवी. ती भुऱ्याला दारातून हाकलायची आणि भुऱ्या ढिम्म बसून तिच्या तोंडाकडे बघायचा. ती म्हणायची, "ओ दादासाब, थांको कुतरो तो म्हारी बात नी हमजे." काका आतून मोठ्या समाधानानं म्हणायचे, "नोंद आहे, बाई, नोंद आहे. त्याला मालवी येत नाही. तू 'जा' म्हण." धापूबाई म्हणायची "जा", आणि भुऱ्या उठून बाजूला व्हायचा. पुढे तर ती मुद्दाम लांबूनच "जा, जा" करत यायची, आणि गल्लीतली बाकीची कुत्री तिच्याकडे बघत राहायची.

एप्रिलात आम्ही परत आलो की 'चार्ज' द्यायचा सोहळा. टांगा दारात थांबलेला, माझं सामान अजून उतरायचंय, भुऱ्या साखळीला हिसडे देऊन रडून राहिलाय, आणि हे गृहस्थ उंबऱ्यात उभे राहून वाचतात, "कुत्रा एक, प्रकृती ठीक. साखळी एक. वाडगा एक, काठाशी चेपलेला, तो पोचा आपण निघण्याआधीचाच. मिळाल्याची सही करा." सही झाल्यावरच साखळी सोडायचे. मला असा राग यायचा. एकदा मी म्हटलंच, "काका, त्याला माझ्याकडे येऊ तरी द्या, सही काय पळून जातेय?" तर म्हणाले, "सही पळत नाही, सूनबाई. माणसं पळतात."

पण ग्वाल्हेरला असताना दर सोमवारी त्यांचं कार्ड यायचं, हे सांगायलाच हवं. मी मावशींच्या ओट्यावर पोस्टमनची वाट बघत बसायची. मजकूर सरकारी. 'भुऱ्याची प्रकृती उत्तम. काल एकादशीनिमित्त साबुदाणा दिला, आवडीने खाल्ला, आता दर आठवड्यास एकादशी मागतो. सायंकाळी कृष्णपुऱ्याच्या पुलापर्यंत फेरी नियमित. आपली आठवण काढतो असे वाटते, पण खात्रीलायक पुरावा नाही.' त्या शेवटच्या वाक्यावर मी एकदा हसले आणि एकदा रडले, दोन्ही एकाच कार्डावर.

खरं तर, आता बोलून टाकते, कुत्रा अर्ध्याहून जास्त त्यांचाच होता. निम्मं वर्ष तर आम्ही ग्वाल्हेरातच असायचो. भुऱ्याला फिरवलं त्यांनी, दुखणं काढलं त्यांनी. सगळे शब्द शिकवले त्यांनी, 'ये', 'जा', 'बस', 'थांब', 'नको', 'शहाणा'. आम्ही असताना तो आमच्या दाराशी झोपायचा, हे खरं, पण दुपारी चारला काकांची खुर्ची करकरली की कान टवकारून मागच्या अंगणात. मी जळायची. नवऱ्यावर कधी जळले नाही तेवढी त्या खुर्चीवर जळायची.

त्यातला 'बस' हा शब्द आम्हाला फार महागात पडता पडता राहिला. झालं असं की ह्यांचे नवे साहेब, भिंडकडचे गृहस्थ, एका रविवारी सकाळी चहाला यायचे ठरले. हे तेव्हा कायम व्हायचे होते आणि ते साहेबांच्या हातात होतं. मी पोहे केले, वरून शेव, शिरा केला, काकांकडून बशा मागून आणल्या. भुऱ्याला आत कोंडलं होतं, पण काकांनी सोडलं. म्हणे, "घरातला माणूस आहे, कोंडायचं काय?"

साहेब बसले. मी वाढत होते. साहेब म्हणाले, "बस बस, भाभीजी." भुऱ्या त्यांच्यासमोर येऊन बसला. मी पुन्हा आग्रह केला, तसे पुन्हा "बस, बस, बहुत हो गया." भुऱ्या बसलेलाच होता, त्याला वाटलं आपलं काहीतरी चुकतंय, म्हणून उठला आणि आणखी जवळ, साहेबांच्या बुटावर जाऊन बसला. शिरा आला. "अरे बस!" भुऱ्यानं त्यांच्या गुडघ्याला पाठ लावली आणि ताठ बसला. ह्यांचा चेहरा पिठासारखा झाला. मला वाटलं गेली नोकरी.

साहेब म्हणाले, "भई, ये कुत्ता तो बड़ा अदब वाला है. मेरे सामने से हटता ही नहीं."

दारात काका उभे. हे डोळ्यांनी त्यांना विनवून राहिले होते की काही बोलू नका. पण खोटं ऐकून गप्प बसतील तर काका कसले? म्हणाले, "साहब, अदब नहीं है. गलतफ़हमी है. आप हिंदी में बस कह रहे हैं, वो मराठी में बैठ रहा है."

साहेब क्षणभर बघत राहिले आणि मग असे हसले की ठसका लागला. हे कायम झाले. ते कुत्र्यामुळे झाले की काकांमुळे, हे देवाला माहीत. काकांनी त्याच दुपारी मिसलीत खुलासा लिहिला आणि आम्हा दोघांना बोलावून वाचून दाखवला. बाकी सगळे त्या गोष्टीवर वर्षभर हसले. काका एकटे हसले नाहीत. मला म्हणाले, "दोन भाषांच्या मधे सापडला बिचारा. यात हसण्यासारखं काय आहे?"

मग ते वर्ष आलं. मध्यभारत मोडणार, मोठं राज्य होणार आणि राजधानी भोपाळ, कायमची. गल्लीत लोक कचेऱ्यांचं काय होणार यावर वाद घालत बसायचे, ओट्यांवर सभाच भरायच्या. आमच्यापुढे वादच नव्हता. हुकूम आला होता. दिवाळी करायची आणि निघायचं, आणि या वेळी एप्रिलात परत यायचं नव्हतं. भोपाळला सरकारी क्वार्टर मिळणार होतं, मावशी नाहीत, सोवळं नाही. भुऱ्याला न्यायला कोणाची आडकाठी नव्हती.

मी काकांना सांगायला गेले. पाच हिवाळे ज्यानं सांभाळलं त्याला सांगायचं, की आता आमचा आम्हाला द्या. काकांनी ऐकून घेतलं. "बरोबर आहे," म्हणाले. "मूळ मालक आपण." आणि पेपर वाचायला लागले.

गणपती उठले आणि दुसऱ्या दिवसापासून काका बदलले. भुऱ्या चारला नेहमीसारखा मागच्या अंगणात गेला, तर काका त्याला म्हणतात, "आओ. इधर आओ." भुऱ्यानं मागे वळून पाहिलं, आणखी कोणी आलंय का. कोणी नव्हतं. "आओ." तो शेपूट हलवत उभाच. काकांनी तोंड फिरवलं. दोन दिवस, चार दिवस, आठ दिवस. एक मराठी शब्द नाही. तो पायाशी येऊन त्यांच्या वहाणेवर डोकं ठेवायचा, तर पाय मागे घ्यायचे. "नहीं. पहले बैठो." आयुष्यभर इंदूरच्या बाजारात हिंदी बोललेला माणूस, पण कुत्र्याशी बोलताना ती हिंदी अशी वाटायची जशी कोणा दुसऱ्याची टोपी घातली आहे. भुऱ्या जेवेनासा झाला. माझ्याकडे यायचा, माझ्या तोंडाकडे बघायचा, परत मागे जायचा. त्याला वाटत असणार आपला काहीतरी मोठा गुन्हा झाला.

दहाव्या दिवशी माझा बांध फुटला. तरातरा गेले आणि त्यांच्या खुर्चीपुढे उभी राहिले. म्हटलं, "काका, राग आमच्यावर काढा. जाऊन राहिलो आम्ही. त्या मुक्या जिवाचा काय दोष? पाच वर्षं लेकरासारखं वागवलं आणि आता ओळख दाखवत नाही? शोभतं का तुम्हाला?"

मी मोठ्या माणसाशी असं कधी बोलले नव्हते. काकांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला.

"सूनबाई, भोपाळला याच्याशी मराठी कोण बोलणार?"

"आम्ही."

"तुम्ही दोघं. एक दिवसभर हापिसात, एक स्वयंपाकघरात. बाकी सगळा गाव? दार उघडं राहिलं आणि हा बाहेर पडला, रस्ता चुकला, तर रस्त्यातला भला माणूस याला काय म्हणेल? आओ म्हणेल. याला कळायला नको, की तो हाक मारतोय, हाकलत नाही?"

मी भुऱ्याकडे पाहिलं.

"आणि बस. तिथे उठता बसता बस. हा दिवसभर बसत राहील. लोक हसतील याला." मग म्हणाले, "मी मराठी बोललो की तो हिंदी ऐकत नाही. दोन्ही चालत नाही. मी करून पाहिलं."

मला तोंड कुठे लपवू असं झालं. भुऱ्या आमच्या दोघांच्या मधे उभा, एकदा त्यांच्याकडे बघतो, एकदा माझ्याकडे. मी म्हटलं, "मग ठेवून घ्या ना, काका. तुमच्याकडेच राहू दे. मी मनापासून म्हणून राहिले. तो तुमचाच आहे."

हे म्हणताना मला किती जड गेलं ते माझं मला ठाऊक. आणि काकांना ते हवं होतं, हेही मला दिसलं. त्यांचा हात खुर्चीच्या दांडीवरून उचलला गेला, कुत्र्याच्या डोक्याकडे गेला, आणि परत दांडीवर आला.

"मी सत्तरीच्या पुढचा. माझी बदली कधी निघेल सांगता येत नाही. मग याचा चार्ज कोण घेईल? धापूबाई? तिची तर त्याला भाषाही येत नाही." मग हळूच म्हणाले, "जा तुम्ही. धडा चालू आहे आमचा. बैठो, बेटा. बैठो."

आणि भुऱ्या बसला. त्या दिवशी पहिल्यांदा बसला. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

दिवाळीपर्यंत त्यानं पाच शब्द शिकून घेतले. ज्यांची जनावरं उन्हाळ्यातही काकांकडेच राहून गेली होती, तेही आता ती घेऊन जात होते. पोपट गेला, ससे गेले, शेळीला चपराशी घेऊन गेला. प्रत्येकाला सही घेऊन चार्ज दिला. आमच्या निघायच्या सकाळी काकांनी भुऱ्याचा कागद वाचला, आवाज नेहमीसारखाच. "कुत्रा एक. साखळी एक. वाडगा एक. भाषा, मराठी आणि कामापुरती हिंदी." ह्यांनी सही केली. काकांनी साखळी माझ्या हातात दिली, भुऱ्याला म्हणाले, "जाओ," आणि दार लावून घेतलं. टांगा हलेपर्यंत ते दार उघडलं नाही.

भोपाळच्या क्वार्टरात भुऱ्या दाराशी जाऊन बसला तो बसलाच. दोन महिने. एप्रिल येईल, टांगा थांबेल, असं काहीतरी त्याच्या डोक्यात असणार. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, आम्ही मराठीत "ये" म्हटलं की तो आमच्याकडे यायचा नाही, उठून दारालाच नाक लावायचा. त्याच्या लेखी मराठी म्हणजे काका. शेवटी आम्ही नवरा-बायकोनं ठरवलं, घरात त्याच्याशी मराठी बोलायचं नाही. माझ्या घरात हिंदी शिरली ती अशी, कुत्र्याच्या दयेपोटी. पुढे मुलं झाली तीही तीच बोलायला लागली, तो वेगळा विषय.

एकदा तो खरंच बाहेर पडला. मी शोधून शोधून थकले. संध्याकाळी बघते तर शेजारच्या बेगमसाहेबांच्या अंगणात पाणी पिऊन राहिलाय. त्या म्हणाल्या, "हमने कहा, आओ मियाँ, अंदर आ जाओ, तो सीधे चले आए. बड़े शरीफ़ हैं." मी त्याच दिवशी काकांना कार्ड टाकलं. उत्तर आठवड्यात आलं. 'आओ कळले, समाधान झाले. मियाँ आम्ही शिकवलेले नव्हते, ते त्याने स्वतः घेतलेले दिसते. नोंद केली आहे.'

हळूहळू तो दाराशी बसायचा थांबला. खायला लागला, बेगमसाहेबांकडे रोजची फेरी सुरू झाली. मी काकांना तसं कळवलं.

पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. हे एक दिवस हापिसातून परत आले, नेहमीसारखा कोट खुंटीला लावायला हात वर केला, तर भुऱ्या धावत आला आणि त्या कोटाची उजवी बाही हुंगायला लागला. सोडेना. वर उड्या मारून राहिला, आणि तोंडातून असा आवाज, जो मी इंदूर सोडल्यापासून ऐकला नव्हता. ह्यांच्या हातातून कोट खाली पडला. भुऱ्यानं ती बाही दोन पंजांत धरली आणि तोंड आत खुपसलं.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे माझ्याकडे बघेनात.

"कोण आलं होतं?"

"तुला सांगू नको म्हणाले होते."

काका आले होते. पेन्शनीच्या कागदासाठी भोपाळला यावं लागलं होतं. डोळे अधू झाले होते, म्हणून दिवसभर कचेरीच्या जिन्यांवर ह्यांचा हात धरून फिरले. हे म्हणाले, काका, घरी चला, क्वार्टर इथून पाच मिनिटांवर आहे. काकांनी विचारलं, "दाराशी बसतो का अजून?" हे म्हणाले, "नाही, आता नाही बसत." "मग नको," काका म्हणाले. "आज मला बघेल आणि उद्यापासून परत बसेल. दोनदा चार्ज द्यायची ताकद नाही माझ्यात." आणि संध्याकाळच्या गाडीनं गेलेसुद्धा.

मला काकांचा राग आला, ह्यांचा आला, आणि त्या पाच मिनिटांच्या रस्त्याचाही आला. मी खाली बसले आणि वर्षभरानं पहिल्यांदा मराठीत म्हटलं, "ये रे." भुऱ्या दाराकडे गेला नाही. माझ्याकडेही आला नाही. त्या बाहीवर डोकं ठेवून पडून राहिला.

कोट मी उचलला नाही. हे ती सगळी थंडी नुसत्या स्वेटरवर हापिसात गेले, आणि एकदाही कुरकुरले नाहीत.